भरजरी वस्त्र आणि प्रौढ वय

पोशाखासारखा विषय इतिहासाच्या विचारात घेण्याजोगा आहे की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद होण्याचा संभव आहे. लढाया, तह, सनदा आणि वंशावळी यांत ज्यांचे मन रमले आहे, त्यांस अंगरख्याची किनार आणि लुगड्याचा पदर या बाबी क्षुल्लक वाटल्या तर त्यात नवल नाही. तथापि ज्या राज्यात पेशवेपद मिळाले हे सांगताना ‘वस्त्रे मिळाली’ असे म्हणत, त्या राज्याचा इतिहास लिहिणारास वस्त्रांकडे पाठ फिरवून चालावयाचे नाही. म्हणून सातारा आणि सांगली या दोन नगरांच्या आधाराने झगमगीत वस्त्राचा थोडासा वृत्तांत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आजच सुचण्यास कारणही आजचेच आहे. साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या गणपती पेठेत अलीकडे असा देखावा अधूनमधून दृष्टीस पडतो की, चाळिशी उलटलेली एखादी बाई, घरी कार्य नाही, सण नाही, अशा साध्या बुधवारी टिकल्या जडविलेला चमकदार पोशाख करून भाजी घ्यावयास निघाली आहे. किंवा पन्नाशीच्या घरातले एखादे गृहस्थ चंदेरी झाक मारणारे जाकीट घालून कचेरीत चालले आहेत. पाहणारे वळून पाहतात, आणि त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघते: ‘वयाला शोभत नाही.’ हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, तो आपल्या पूर्वजांनी घालून दिलेला सनातन नियम असावा असा कोणाचाही समज व्हावा. आमच्या मते हा समज चुकीचा आहे. झगमगीत वस्त्र कोणी वापरावे याचे नियम आपल्याकडे होते, आणि ते फार कडकही होते. परंतु वय हा त्यांचा मुख्य आधार नव्हता. वयाचा नियम पुष्कळ मागाहून आला. तो कसा आला, हेच या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम जर म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. चांदीची कांडी पोलादी पट्टीच्या उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तिची केसासारखी तार काढावयाची. ती ठोकून चपटी केली म्हणजे तिचा बादला होई. आणि हा बादला रेशमी धाग्यावर गुंडाळला म्हणजे कलाबतू तयार होई. सोनेरी रंग हवा असल्यास चांदीवर सोन्याचा मुलामा चढवीत. असल्या धाग्याने विणलेला किनखाब, शेला, शालू किंवा पैठणी हे वस्त्र असूनही एका अर्थी द्रव्यच होते. ते जीर्ण झाले म्हणजे टाकून देत नसत. जाळून त्याच्या राखेतून चांदी गाळून घेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबे सोने-चांदी गाळण्याचा धंदा, ज्यास तिकडे गलाई म्हणतात, तो करीत हिंदुस्थानभर पसरली आहेत. चकाकीतून धातू वेगळा काढण्याचे कसब ज्या मुलखाच्या हाडीमासी खिळले आहे, त्या मुलखास भरजरी वस्त्राची खरी किंमत काय असते हे निराळे सांगावयास नको. सारांश, जुन्या काळची चकाकी महाग होती, मोजकी होती आणि तिला वजन होते. जी वस्तू महाग आणि मोजकी, तिच्यावर राजसत्तेची नजर असावयाचीच.

आता साताऱ्याच्या दरबाराकडे वळू. मोगल बादशाहीत खिलत देण्याची चाल होती. बादशहाने दिलेला पोशाख अंगावर चढविणे म्हणजे त्याचे स्वामित्व मान्य करणे, आणि त्याबरोबर त्याने दिलेला दर्जाही स्वीकारणे. मराठ्यांच्या राज्यात हीच चाल ‘वस्त्रे’ या नावाने रूढ झाली. बाळाजी विश्वनाथास १७१३ साली पुण्याजवळ मांजरी येथे शाहू छत्रपतींनी पेशवेपदाची वस्त्रे दिली. १७२० साली कऱ्हाडजवळ मसूर येथे पहिल्या बाजीरावास ती मिळाली, तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. १७६१ साली पानिपतानंतर थोरल्या माधवरावास वस्त्रे झाली, त्या वेळी त्याचे वय सोळा. पुढे १७७४ साली तर पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावास तो सुमारे चाळीस दिवसांचा असतानाच साताऱ्याहून वस्त्रे आणविण्यात आली. ज्या बालकास मान धरता येत नव्हती, त्यास साम्राज्याच्या कारभाराची वस्त्रे शोभतात की नाही, असा प्रश्न कोणी विचारला नाही. कारण ती शोभेकरिता दिलेलीच नव्हती. ती अधिकाराची होती, आणि अधिकारास वय नसते.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शाहू छत्रपती १७४९ साली वारल्यावर साताऱ्याच्या गादीचे सामर्थ्य झपाट्याने ओसरले. रामराजास ताराबाईंनी किल्ल्यावर अडकवून ठेविले, आणि पुढील छत्रपतीही बहुतेक नजरकैदेतच राहिले. राज्याचा सर्व कारभार पुण्यास चालत होता. तरीही प्रत्येक नव्या पेशव्यास साताऱ्याकडेच हात पसरावा लागे. तिजोरी पुण्याची, फौज पुण्याची, आणि वस्त्रे मात्र साताऱ्याची, असा हा विलक्षण प्रकार १७९६ साली दुसऱ्या बाजीरावापर्यंत चालू राहिला. पुण्याच्या पेठांत किनखाबाची वाण नव्हती. पेशव्यांनी मनात आणले असते तर हवा तसा पोशाख एका दिवसात शिवून घेता आला असता. परंतु असला पोशाख अंगावर घालून पेशवा होता येत नव्हते. ती चकाकी दुसऱ्याकडून मिळावी लागे. स्वतः होऊन घेता येत नसे. राज्याचे निशाणदेखील जरीचे होते. जरीपटका ज्या सरदाराच्या स्वाधीन होई, त्याचा मान इतरांहून निराळा असे.

असला मान बहुधा प्रौढपणीच पदरात पडतो. वीस वर्षे चाकरी केलेल्या, दोन-चार मोहिमांत जखमा खाल्लेल्या सरदारास चाळिशी-पंचेचाळिशीत मंदील, शेला आणि शिरपेच मिळे, व तो सणावारी, दरबारी आणि स्वारीत मोठ्या अभिमानाने मिरवी. अशा मनुष्यास ‘हे तरुणांनी वापरावे, तुम्ही नव्हे’ असे कोणी म्हटले असते, तर त्यास त्या बोलण्याचा अर्थच कळला नसता. तरुणाने काय कमावले आहे म्हणून त्याने चमकावे, असाच उलट प्रश्न त्याने केला असता.

या व्यवस्थेतला पोकळपणा ज्याने सर्वांत स्पष्टपणे दाखविला तो स्वतः छत्रपतीच होता, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने आपल्या इतिहासात शाहू महाराजांच्या उत्तरवयातील एक हकीगत दिली आहे. दोन मराठे सरदार भेटीस यावयाचे होते. महाराजांनी भर दरबारात आपल्या आवडत्या कुत्र्यास किनखाबी पोशाख चढविला, त्यावर जडजवाहीर घातले, आणि स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेविले. या कुत्र्याने वाघाच्या शिकारीत महाराजांचा जीव वाचविला होता. त्याबद्दल त्यास जहागिरीची सनद आणि पालखीचा मानही मिळाला होता. त्या दिवसानंतर महाराजांनी स्वतःच्या मस्तकावर पुन्हा काही घातले नाही. डफसाहेबांनी याची गणना चित्तभ्रमात केली आहे. साताऱ्याकडे मात्र हीच कथा निराळ्या तऱ्हेने सांगतात. एक सरदार आपल्या ऐश्वर्याचे प्रदर्शन करण्याकरिता अत्यंत झगमगीत थाटाने येत आहे, असे ऐकून महाराज स्वतः अगदी साध्या वस्त्रांत बसले आणि सगळा थाट कुत्र्याच्या अंगावर चढविला. तो पाहून सरदार ओशाळला, असा त्या कथेचा रोख आहे.

भ्रम म्हणा किंवा उपहास म्हणा, या प्रसंगाचा अर्थ दरबारास उमगला असलाच पाहिजे. ज्याच्या हातून वस्त्रे मिळत, त्यानेच वस्त्रांचा मान एका मुक्या जनावरास देऊन टाकला. त्या जनावराने धन्याचा जीव खरोखर वाचविला होता, तेव्हा हा मान अगदीच अस्थानी होता असेही म्हणवत नाही. पाहुण्या सरदारांपैकी कितीजणांस आपल्याविषयी तेवढे सांगता आले असते? कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तेथेच त्या कुत्र्याचेही स्मारक आहे. तेथे जाणाऱ्याने उघड्या मस्तकाच्या त्या वृद्ध राजाची आठवण करावी. चकाकी घेण्याचा ज्यास सर्वांहून अधिक अधिकार, त्याने ती खाली ठेविली. आणि ज्यास काडीचाही अधिकार नाही असे जग म्हणे, त्याच्या अंगावर ती घातली.

दरबारात वस्त्रे मिळत असत, तशी काही जणांस ती न मिळण्याचीही व्यवस्था होती, आणि ती दरबाराहून कितीतरी कठोर होती. स्त्रीच्या बाबतीत प्रश्न वयाचा नव्हता, सौभाग्याचा होता. पन्नाशीची सवाष्ण बाई हळदीकुंकवाला जरीकाठी लुगडे नेसून गेली, तर तिला कोणी हसत नसे. उलट तिच्या पदरास हात लावून जर पारखीत. परंतु पंधरा वर्षांची पोर विधवा झाली की त्याच दिवशी तिचा रंग, तिच्या बांगड्या आणि तिचे कुंकू ही सर्व संपत. ब्राह्मणादी जातींत केशवपन करून आलवण नेसवीत. इतरत्र पांढरे किंवा फिके लुगडे तिच्या वाट्यास येई. वय हाच चमकण्याचा अधिकार असता, तर या पोरीस तो सर्वांआधी मिळावयास हवा होता. मिळाला नाही, कारण तिचा मान पतीच्या आयुष्याशी बांधलेला होता. सरदाराची चकाकी छत्रपतीच्या हातून येई, आणि बाईची पतीच्या.

जातीची गोष्टही अशीच. अस्पृश्य मानलेल्या लोकांनी कोणते वस्त्र कोणत्या तऱ्हेने नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, याविषयी गावोगाव दंडक होते, आणि ते मोडल्यास मार खावा लागे. ज्या बालकाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, त्या भीमराव आंबेडकरांनी पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण करताना पोशाखाचाच विषय काढिला. जातीची खूण पटविणाऱ्या नेसण्याच्या पद्धती आणि हातापायांतले वजनदार दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, आणि इतर स्त्रिया नेसतात त्याप्रमाणे लुगडे नेसा, असा त्यांचा उपदेश होता. पाण्याच्या हक्काची लढाई चालू असताना हा पुरुष लुगड्याविषयी का बोलतो, असे काही शहाण्यांस वाटले असेल. परंतु पाणी आणि पोशाख या दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता: कोणाच्या परवानगीने? डॉक्टरसाहेबांनी स्वतः आयुष्यभर उत्तम शिवलेला पोशाख वापरला, याचाही अर्थ या दृष्टीने लावला पाहिजे.

वस्त्रे देणारी ही सत्ता मग गेली कोठे? १८१८ साली पेशवाई बुडाली. प्रतापसिंह महाराजांस इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर बसविले खरे, परंतु १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविले. आणि १८४८ साली दत्तकविधान नामंजूर करून राज्यच खालसा केले. वस्त्रांचा झरा असा मुळातच आटला. आता मान द्यावयाचा तो इंग्रजाने, आणि त्या इंग्रजाचा स्वतःचा पोशाख तर काळा! फ्ल्युगेल नामक मानसशास्त्रज्ञाने १९३० साली वस्त्रांविषयी लिहिलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पुरुषांनी भरजरी आणि रंगीत पोशाखाचा एकाएकी त्याग केला, आणि उद्योगी मनुष्यास शोभेल असा एकसारखा काळपट वेष पत्करिला. झगमग त्यांनी स्त्रियांकडे सोपविली. हा त्याग साहेबाच्या अंगावर बसून आमच्याकडे आला. शाळा, कचेऱ्या आणि कोर्टे यांतून तयार झालेल्या नव्या सुशिक्षित वर्गाने लांब कोट आणि पांढरे उपरणे हा सभ्यतेचा वेष ठरविला. गंभीर मनुष्य साधा असतो, आणि प्रौढ मनुष्य गंभीर असलाच पाहिजे. म्हणून प्रौढाने साधे असावे, असे हे नवे तर्कशास्त्र होते. वयाचा नियम आम्ही म्हणतो तो येथे जन्मास आला.

या नव्या वर्गात पोशाखाचा विचार केवळ चालीरीतीवर न सोडता बुद्धीने करणारा एक पुरुष सातारा प्रांतानेच दिला होता. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ पत्रात स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत अशा मथळ्याचा निबंध लिहिला, तेव्हा पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. थट्टा करणारांस आगरकरांची मूळ भूमिका कळली नव्हती. वस्त्र रूढ आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम. ते शरीरास सोयीचे आहे की नाही आणि ते वापरणारास त्यापासून सुख होते की नाही, हे आधी पाहावयाचे, अशी ती भूमिका होती. ‘वयाला शोभत नाही’ या वाक्यास आगरकरांनी कसे उत्तर दिले असते, याचा तर्क करणे वाचकांस कठीण नाही. दुर्दैवाने त्यांस स्वतःला प्रौढपण लाभलेच नाही. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १८९५ साली, ते वारले.

दरबारातून निघालेली झगमग इकडे नाहीशी झाली नाही. तिने घर बदलले, आणि ते नवे घर सांगलीत होते. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक करून दाखविले, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. साताऱ्याचे राज्य खालसा होण्यास त्या वेळी पाचच वर्षे उरली होती. खरे राजे निस्तेज होत चालले असताना रंगभूमीवर राम, रावण आणि जनक मुकुट घालून उभे राहिले, हा योगायोग असेल. परंतु तो अर्थपूर्ण आहे. नाटकाचे मुकुट बेगडाचे होते. ‘बेगडी’ हा शब्द आपल्या भाषेत खोट्या वस्तूस आणि खोट्या प्रेमासही लावितात, यावरून चकाकीविषयी लोकांचे मन कोणत्या बाजूस झुकले ते दिसते.

पुढे सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणिले. कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणारा भुजंगनाथ हा श्रीमंत म्हातारा पाहून महाराष्ट्र पोट धरून हसला, आणि हसता हसता विचार करू लागला. नाटकाचा तो विजय निर्विवाद होय. परंतु त्याची एक छाया मागे राहिली. गुडघ्याला बाशिंग बांधलेला म्हातारा हे चित्र लोकांच्या मनात इतके खोल ठसले की, वय झालेल्या माणसाने थोडा नटवा पोशाख केला तरी त्याच्यात भुजंगनाथ दिसू लागला. भुजंगनाथाचा अपराध एका मुलीच्या आयुष्याची माती करण्याचा होता. शेल्याचा काही अपराध नव्हता. लोकांनी मात्र दोन्हींस एकाच सुळावर चढविले. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९११ साली ‘मानापमान’ लिहून त्यावर आणखी एक रेघ ओढिली. त्यातील लक्ष्मीधर हिऱ्यामोत्यांनी मढलेला आणि मनाने भित्रा. धैर्यधर निर्धन आणि शूर. चमकतो तो पोकळ, हा निर्णय रंगभूमीने असा कायमचा करून टाकला.

आणि गंमत अशी की, हा निर्णय ज्या रंगभूमीने दिला तिच्याच दिव्यांच्या प्रकाशात झगमगीला तिचा सर्वांत मोठा उपासक लाभला. नागठाणे गावाशी ज्यांच्या घराण्याचा संबंध, ते नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १८८८ साली जन्मले. १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढिली. बेगडावर त्यांचे समाधान होत नसे. शालू खरा, जर खरी, अत्तरही खरे. त्यापायी मंडळी कर्जात बुडाली, तरी हात आखडला नाही. त्यांची नेसण्याची आणि केस बांधण्याची तऱ्हा पाहून पुण्यामुंबईच्या कुलीन स्त्रिया तिचे अनुकरण करीत. ज्या स्त्रियांस स्वतःच्या हौसेने चमकण्याची सोय नव्हती, त्यांनी एका पुरुषाच्या अंगावर ती हौस पाहिली, आणि तेथून ती भीतभीत घरी नेली. नारायणरावांनी चाळिशी ओलांडली, शरीर स्थूल झाले, तरी रुक्मिणीचा शालू सुटला नाही. १९३७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते बोलपटात मीराबाई झाले. त्यांच्या उतरत्या काळातील भूमिकांविषयी रसिकांत मतभेद होते. परंतु ते वयाने प्रौढ आहेत म्हणून शालू टाकून द्या, असे म्हणण्याचे धैर्य कोणास झाले नाही. रंगभूमीच्या चौकटीत प्रौढास चमकण्याची मुभा होती. चौकटीबाहेर ती मुभा मागणारा वेडा किंवा वाह्यात ठरे. तमाशातील बाईच्या चमचमीत नऊवारीवर शिट्ट्या आणि दौलतजादा उधळणारे गृहस्थ घरी परतल्यावर तसल्याच पदरास ‘बाजारी’ म्हणत, हे सर्वश्रुत आहे.

यानंतर आला तो पांढऱ्या रंगाचा काळ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाकरिता बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस परळ येथे विलायती कापडाची प्रचंड होळी पेटली. एकाच चळवळीसाठी एकीकडे रंगभूमीचा सारा थाट, आणि दुसरीकडे पेटलेल्या तलम कापडाचा ढीग, असे ते दृश्य होते. अखेरीस होळी जिंकली. सातारा जिल्ह्यात तर तिचा विजय पूर्ण झाला. त्या वेळी सांगलीकडील बराच मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडे. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या मुलखात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने १९४३ पासून केवळ इंग्रजांशीच झुंज दिली असे नाही. लग्नांतल्या उधळपट्टीशीही दिली. थोडक्या खर्चात, साध्या वस्त्रांत लागणारी गांधी-लग्ने गावोगाव झाली. शालूपायी सावकाराच्या वहीत अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्यावर हे मोठेच उपकार होते, आणि ते आम्ही कृतज्ञतेने नमूद करितो. परंतु स्वराज्य आल्यावर त्या पांढऱ्या वस्त्रांचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. त्यागाची खूण हळूहळू अधिकाराची खूण झाली. परीटघडीचा शुभ्र सदरा पाहून लोक वाट सोडू लागले. एके काळी जे काम किनखाब करीत असे, तेच आता खादी करू लागली. फरक रंगाचा राहिला.

आता आजच्या चकाकीचा विचार करू. आज बाजारात चमकणारे बहुतेक कापड चांदीचे नाही. तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ लेप असतो, किंवा प्लास्टिकच्या तलम पापुद्र्यावर अॅल्युमिनियमचा थर देऊन त्याचे धागे कापलेले असतात. असले वस्त्र जाळले तर राखेत काहीच सापडावयाचे नाही. गलाईवाला ते हातातही धरणार नाही. जुन्या मंडळींस याचे वाईट वाटते, आणि त्यांच्या वाटण्यात तथ्य आहे. येवल्याच्या मागावर महिनोन्महिने बसून विणलेल्या पैठणीची सर या मालास येणे नाही. परंतु या स्वस्ताईने एक मोठे काम केले आहे. चकाकीतून द्रव्य गेले, त्याबरोबर दर्जाही गेला. पुण्याच्या बाजूस काही वर्षांपूर्वी एका धनिकाने खऱ्या सोन्याचा सदरा करून घेतला, त्याची वार्ता देशभर झाली. पण तो जुन्याच रीतीचा शेवटला पुरुष म्हणावयाचा. त्यास दाखवावयाचे होते ते द्रव्य. चारचौघींसारखी मिळकत असलेली बाई शे-दीडशे रुपयांच्या टिकल्यांची ओढणी घेते, तेव्हा तिला द्रव्यही दाखवावयाचे नसते आणि पदही दाखवावयाचे नसते. ती ओढणी तिला कोणी दिलेली नसते. आवडली म्हणून ती घेते.

आमच्या मते पाहणाऱ्यांस खरी अडचण होते ती येथे. छत्रपतीने दिली नाही, पतीच्या नावाने मिळाली नाही, नाटकाची भूमिका नाही, लग्नाचे निमित्त नाही. मग ही चकाकी आली कोणाच्या हुकमाने? या प्रश्नास उत्तर सापडत नाही, म्हणून वयाचे नाव पुढे केले जाते. आणि हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, हे सांगलीच्या शेजारी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने दाखविले आहे. मे २०२२ मध्ये या गावच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. विसाव्या शतकात इतके सुधारक होऊन गेल्यावरही एकविसाव्या शतकात हा ठराव करावा लागला, यावरून हा दंडक किती चिवट आहे हे दिसून येईल. ठराव होतो, परंतु नजर ठरावाने बदलत नाही. पंचेचाळिशीची विधवा उद्या जरीचे पातळ नेसून कृष्णेच्या घाटावर गेली, तर तिला कायद्याने कोणी अडविणार नाही. ‘वयाला शोभत नाही’ एवढे मात्र निश्चित म्हणतील, आणि त्या तीन शब्दांच्या आड तो जुना दंडक लपून राहील.

आमचे म्हणणे असे नाही की प्रत्येकाने चमकलेच पाहिजे. साधेपणा ज्यांस प्रिय आहे त्यांनी तो अवश्य पाळावा; त्याची थोरवी आम्ही वर सांगितलीच आहे. लग्नातील भपक्याने कर्जबाजारी होण्याचा धोका आजही टळलेला नाही, आणि जरीच्या धंद्यात तुटपुंज्या मजुरीवर डोळे शिणविणाऱ्या कारागिरांची चिंताही कोणी तरी वाहिली पाहिजे. परंतु चाळिशी-पन्नाशीच्या मनुष्याने स्वतःच्या पैशाने, ऋण न काढता, कोणास उपद्रव न देता चमकदार वस्त्र घातले, तर त्यात दोष काढणाऱ्याने आधी आपल्या मनास विचारावे की, आपण रक्षण करीत आहोत ते कशाचे? सौंदर्याचे करीत असू तर वाद घालता येईल. सौंदर्याविषयी मतभेद असावयाचेच. पण परवानगी देण्याचा अधिकार आपल्या हातून गेला याचे दुःख होत असेल, तर ते दुःख कितपत न्याय्य आहे याचा विचार व्हावा.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी पेशव्यासारख्या प्रबळ पुरुषासही आपली वस्त्रे साताऱ्याहून मागून आणावी लागत. आज साताऱ्यातील एखादी प्रौढ शिक्षिका किंवा सांगलीतील एखादा कारकून कोणाकडेही न मागता आपले वस्त्र आपण निवडतो. एवढा पालट इतिहासात सहजासहजी घडत नाही, आणि ज्यांनी तो घडविला त्यांपैकी पुष्कळांनी त्यासाठी मार, उपहास आणि दारिद्र्य सोसले आहे. तेव्हा राजपथावरून ती चमकदार ओढणी जाताना दिसली, तर वाचकांनी हसण्यापूर्वी हा हिशेब एकदा मनात मांडावा, एवढीच आमची विनंती आहे.